पुढचं स्टेशन, रुसवा!

थांब, थांब! पुढे वाचण्याआधी एक काम कर. गळ्यावर दोन बोटं हलकेच ठेव आणि जोरात म्हण, "आऽऽऽ!"

काय झालं? बोटांना गुदगुल्या झाल्या ना?

आता तोच "आ" कुजबुजत म्हण. अगदी वर्गात बाई फळ्याकडे वळल्यावर कुजबुजतोस किंवा कुजबुजतेस तस्सा! अरेच्चा! गुदगुल्या गायब!

तुझ्या गळ्यात दोन इवल्या पट्ट्या आहेत. त्यांना म्हणतात स्वरतंतू. फुग्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडली की कसं "चींऽऽ" वाजतं? तसंच हे! फुफ्फुसांतून हवा वर येते, पट्ट्या थरथरतात आणि आवाज होतो. कुजबुजताना त्या थरथरतच नाहीत. नुसती हवा सुळकन निघून जाते.

आणि किती वेळा थरथरतात माहीत आहे? बाबांच्या गळ्यात एका सेकंदात साधारण शंभर-सव्वाशे वेळा. आईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. आणि तुझ्या? अडीचशे-तीनशे वेळा! घरात सगळ्यात बारीक आवाज तुझा का, ते कळलं?

आज मी तुला अशा मंडळींकडे नेणार आहे, जी ही थरथर पकडतात. मग तिला चिरतात, ताणतात, उलटी करतात आणि तिचं गाणं करतात!

चल, बॅग भर. आपण चाललोय बंगळूरला!

मुंदिन निल्दाण!

बंगळूरच्या मेट्रोचं नाव आहे 'नम्म मेट्रो'. कन्नडमध्ये 'नम्म' म्हणजे 'आपली'. आपली मेट्रो! किती गोड नाव, नाही?

आपण डब्यात चढलो. दार बंद झालं. आणि वरून एका बाईंचा स्वच्छ, शांत आवाज आला, "मुंदिन निल्दाण..."

म्हणजे काय? ओळख! 'मुंदिन' म्हणजे पुढचं आणि 'निल्दाण' म्हणजे थांबा. पुढचं स्टेशन!

तुला वाटेल, त्या बाई पुढच्या डब्यात बसून बोलतायत. छे! हा आवाज अपर्णा नावाच्या कन्नड अभिनेत्रीचा. बंगळूरची मेट्रो २०११ साली सुरू झाली. अपर्णाताईंनी ही वाक्यं कधीतरी माईकसमोर एकदा म्हटली, ती साठवून ठेवली आणि मग ती रोज, गाडीगाडीत, पुन्हा पुन्हा वाजत राहिली. त्या घरी चहा पीत असतानाही त्यांचा आवाज गाडीत ड्यूटीवर!

असा पकडून ठेवलेला आवाजाचा तुकडा, त्याला संगीतवाले म्हणतात 'सॅम्पल'.

हो, हो, मला माहीत आहे तुला काय आठवलं! मिसळीच्या हॉटेलात काका ओरडतात ना, "दोन नंबरला सॅम्पल द्या!" आणि लालभडक रश्श्याची वाटी येते. आपलं सॅम्पल वाटीतलं, त्यांचं सॅम्पल कानातलं. पण दोन्हींत एक साम्य आहे बरं का! थोडंसंच घालायचं आणि सगळ्याची चव बदलायची!

स्टेशनाचं नाव रुसवा

आता गंमत ऐक. बंगळूरमध्येच एक असं स्टेशन आहे, जे मेट्रोच्या कुठल्याच नकाशावर नाही. त्याचं नाव 'सल्क स्टेशन'.

इंग्रजीत 'सल्क' म्हणजे रुसून, गाल फुगवून बसणं. म्हणजे हे झालं रुसवा स्टेशन! तुझी आवडती चकली ताईनं खाल्ली की तू जिथे उतरतोस किंवा उतरतेस, तेच स्टेशन!

खरं तर ही दोन माणसांची संगीतजोडी आहे. तन्वी राव आणि राहुल गिरी. २०१२ साली त्यांचा 'टिल यू अपिअर' नावाचा अल्बम आला. तन्वीताई हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकलेल्या. त्यांचा आवाज आणि त्याभोवती इलेक्ट्रॉनिक सूर!

हे संगीत ऐकशील तेव्हा आधी थोडं गोंधळल्यासारखं होईल. इथे ढोलताशा नाही. नाचायची घाई नाही. सगळं कसं हळू, हळू. पावसाळ्यात सकाळी खिडकीबाहेर धुकं असतं ना? त्या धुक्यातून कुणीतरी गात येतंय, असं वाटतं.

अशा संगीताच्या अगदी जवळचा एक भाऊ आहे. त्याचं नाव 'अँबियंट' संगीत. अँबियंट म्हणजे आपल्या अवतीभवतीचं. अगरबत्तीचा वास कसा खोलीभर पसरतो, तसं हे संगीत पसरतं. तू त्याच्याकडे लक्ष दे किंवा चित्र रंगवत बस, ते रागावत नाही!

आणि असं संगीत घडवणारा जो, त्याला म्हणतात 'प्रोड्यूसर'. सिनेमाला पैसे देणारा तो प्रोड्यूसर वेगळा. हा म्हणजे आवाजांचा आचारी! कधी स्वतः गातो, कधी नाही. पण आवाज निवडतो, चिरतो, भिजत घालतो, परततो, आणि शेवटी मस्त ताट वाढतो.

मग चल की, त्याच्या स्वयंपाकघरात डोकावू!

पहिली करामत: आवाज चिरणं

सिनेमात चित्रं हलतात. पण खरं म्हणजे ती हलतच नाहीत! एका सेकंदात २४ स्थिर चित्रं भराभर दाखवतात, आणि आपला डोळा फसतो.

आवाजही असाच साठवतात. त्या थरथरीची नोंद घ्यायची, लगेच पुन्हा घ्यायची, लगेच पुन्हा! प्रत्येक नोंद म्हणजे एक आकडा. सांग बघू, सीडीवरच्या एका सेकंदासाठी किती नोंदी घेतात?

शंभर? नाही. हजार? नाही!

४४,१००!

हो! तू नुसतं "आई!" म्हणतोस किंवा म्हणतेस, त्यात एवढे आकडे! एका सेकंदाला एक या वेगानं ते मोजायला सकाळी सात वाजता बसलं, तर संध्याकाळी सव्वासात वाजतील. जेवणाची सुट्टी न घेता!

एवढे कशाला लागतात? कारण आपला कान सेकंदाला जवळजवळ वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू शकतो. तेवढी बारीक थरथर पकडायची, तर तिच्या दुपटीहून जास्त नोंदी हव्यातच.

एकदा आवाजाचे आकडे झाले, की मग काय! कोथिंबिरीसारखे बारीक चिरा, नाहीतर भेंडीसारखे गोल गोल कापा.

दुसरी करामत: आवाज उलटा करणं

आकडे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले, की आवाज उलटा वाजतो. सोप्पं!

आता तुझ्यासाठी कोडं. "चिमा काय कामाची" हे वाक्य तुला माहीत असेल. डावीकडून वाच, उजवीकडून वाच, अक्षरं तीच! मग ते ध्वनिमुद्रित करून उलटं वाजवलं, तर काय ऐकू येईल?

"चिमा काय कामाची"च येणार, असं म्हणतोयस किंवा म्हणतेयस ना?

चूक! ऐकू येईल साधारण असं: "ईचामाक्याकामिच!"

हे कुठल्या ग्रहावरचं नाव आलं?

अरे, बघ ना. आपण 'मा' हे एकच अक्षर लिहितो, पण त्यात आवाज दोन. आधी ओठ मिटून 'म्', मग तोंड उघडून 'आ'. उलटं केलं की आधी 'आ' येतो, मग 'म्'. म्हणजे 'मा' चा झाला 'आम्'! डोळ्यांना फसवणारं वाक्य कानांना फसवू शकत नाही.

मग उलटं केलं तरी जवळजवळ तेच ऐकू येईल, असा एखादा शब्द आहे का? आहे! 'नमन'! न्-अ-म्-अ-न्. दोन्हीकडून सारखा! तू आणखी शोधून काढ. मला 'नयन' सापडलाय. तो मात्र आता तुझ्या यादीत धरायचा नाही हं!

तिसरी करामत: आवाज ताणणं

आता सगळ्यात भारी! "आऽ" एका सेकंदाचा आहे आणि प्रोड्यूसरला तो दहा सेकंदांचा हवाय. काय करायचं?

पूर्वी आवाज एका लांब फितीवर साठवायचे. फीत हळू फिरवली की आवाज लांबायचा. पण एक घोटाळा व्हायचा! थरथरही हळू व्हायची. मग मुलीचा आवाज भीमासारखा घोगरा!

फीत दुप्पट वेगानं फिरवली, तर थरथर दुप्पट. 'सा' थेट तार सप्तकातल्या 'सा' वर उडी मारायचा! अमेरिकेत रॉस बागदासारियन यांनी १९५८ साली हीच युक्ती केली. फीत हळू चालवून त्यावर सावकाश गायले आणि नंतर ती नेहमीच्या वेगानं वाजवली. त्यातून निघाला खारीच्या पिल्लांसारखा आवाज. तेच ते प्रसिद्ध 'चिपमंक'!

पण आवाज लांब हवा आणि घोगरा मात्र नको, तर?

शाळेच्या प्रार्थनेची रांग डोळ्यांसमोर आण. रांगेत तीस मुलं आहेत. रांग दुप्पट लांब करायची आहे. एक उपाय, प्रत्येक मुलाला रबरासारखं ताणायचं. बापरे! हे झालं फीत हळू फिरवणं. सगळ्यांचे चेहरे बिघडले.

दुसरा उपाय काय? प्रत्येकाच्या शेजारी त्याचा जुळा भाऊ किंवा जुळी बहीण उभी करायची! रांग दुप्पट, आणि कुणाचाच चेहरा बिघडला नाही!

संगणक हेच करतो. आवाजाचे बारीक बारीक दाणे करतो. एकेक दाणा सेकंदाच्या विसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा. मग प्रत्येक दाण्याचे जुळे, तिळे, चुळे शेजारी शेजारी, थोडे एकमेकांवर चढवून ठेवतो. घराच्या कौलांसारखे! मधे फट दिसत नाही. सूर तोच, पण आवाज लांबच लांब!

आवाजाचे असे दाणे असतात, ही कल्पना डेनिस गाबोर या शास्त्रज्ञानं १९४७ साली मांडली होती. तोच पुढे होलोग्राफीबद्दल नोबेल मिळवणारा गाबोर! त्यानं पेरलेल्या दाण्यांचं पीक आज जगभरचे संगीतकार काढतायत.

आणि एवढं ताणल्यावर काय होतं माहीत आहे? शब्द विरघळतात! साखर दुधात विरघळते तसे. "ये" म्हटलं होतं की "जा", काही कळत नाही. उरतो फक्त गोडवा. माणूस गातंय एवढं कळतं, काय गातंय ते नाही. म्हणूनच ते धुकं!

चौथी करामत: घुमट खिशात घालणं

तू कधी विजापूरचा गोल घुमट पाहिलायस? कर्नाटकातच आहे तो. आतून जवळजवळ ३८ मीटर रुंद. वरच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली, की ती टाळी पुन्हा पुन्हा परत येते. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, तर समोरच्या टोकाच्या माणसाला ऐकू येतं!

प्रत्येक जागेचा आपला घुमण्याचा स्वभाव असतो. न्हाणीघरात आपण मोठे गवई वाटतो. गाद्यांच्या ढिगाशेजारी गायलं, की आवाज फुस्स!

आता चलाख मंडळींनी काय केलं? एखाद्या मोठ्या जागेत जायचं, फुगा फोडायचा, "फट्!" आणि तो कसकसा घुमतो ते सगळं ध्वनिमुद्रित करायचं. बस! त्या जागेचा स्वभाव संगणकाला कळला. मग छोट्याशा खोलीत, पंखा बंद करून गायलेला आवाज त्या जागेत उभा करता येतो. अख्खा घुमट खिशात!

खुर्च्यांभोवती फिरणारं गाणं

'अँबियंट' हे नाव कुणी रुजवलं? ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानं. १९७८ साली त्याचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम आला. विमानतळावर वाट बघणाऱ्या लोकांसाठी संगीत!

त्यातल्या एका रचनेत फक्त माणसांचे आवाज आहेत. तीन गायिकांनी नुसता "आऽऽ" असा एकेक सूर लावला. ईनोनं त्या सुरांच्या फितींची टोकं जोडून गोल माळा केल्या. पण माळा एवढ्या लांब झाल्या, की यंत्रात मावेनात! मग फीत फिरवायची कशी?

ओळख बघू!

स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवती! खरंच! गाणं खुर्च्यांना प्रदक्षिणा घालत होतं!

आता नीट ऐक. ईनो सांगतो, एक माळ साडेतेवीस सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायची. दुसरी पावणेसव्वीस सेकंदांहून जराशी जास्त, म्हणजे २५ पूर्णांक ७/८. तिसरी तिसाला थोडी कमी, म्हणजे २९ पूर्णांक १५/१६.

मैदानावर तीन मुलं तीन वेगवेगळ्या आकारांच्या गोलांत पळतायत, असं समज. तिघं एकत्र निघाली. तिघं पुन्हा एकाच क्षणी आपापल्या सुरुवातीच्या रेषेवर कधी येतील?

हे तर लसाविचं गणित! मी काढलं. हे आकडे अगदी तंतोतंत धरले, तर उत्तर येतं... जवळजवळ २७ दिवस!

सत्तावीस दिवस! माळा फक्त तीन, आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी तेच गाणं पुन्हा तसंच्या तसं येत नाही! आणि त्या रचनेत अशा माळा तीनच नव्हत्या, सात होत्या. आता तो लसावि तूच काढ बाबा!

पण थांब, आपल्याकडे तर हे होतंच!

माळेसारखं फिरणारं, खोलीभर पसरणारं, पुढे पुढे न करणारं संगीत. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना?

तंबोरा!

चार तारा. त्याच, त्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा. गवई गात असतो आणि मागे तंबोरा शांतपणे खोली भरत असतो. आपल्या मिरजेत तर पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडवतात. भोपळ्याचे, मोठ्ठे!

पण मोठ्ठे म्हणजे अडचण आलीच. बसमध्ये तंबोरा कुठे ठेवायचा? मग बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी एक भारी गोष्ट केली. ते इंजिनिअर होते आणि बासरीही वाजवायचे. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. डब्याएवढ्या पेटीत अख्खा तंबोरा! बटण दाबलं की सुरू!

तारखा बघितल्यास? ईनोचं संगीत १९७८. आपल्या बंगळूरची पेटी १९७९. तिकडे विमानतळासाठी, इकडे रियाजासाठी. दोघांची ओळखही नसेल, पण खोली सुरांनी भरायची हौस सारखीच!

पुढे खऱ्या तंबोऱ्याचा आवाज मुद्रित करून साठवलेल्या पेट्याही आल्या. म्हणजे काय असतं त्यांच्या पोटात? बरोब्बर! सॅम्पल!

म्हणूनच शास्त्रीय गाणं शिकलेला आवाज आणि इलेक्ट्रॉनिक सूर एकत्र आले, तर बंगळूरला ते मुळीच परकं वाटत नाही. ते शहर कधीपासून पेटीतल्या तंबोऱ्याबरोबर रियाज करतंय!

आता तुझी पाळी!

घरातल्या मोठ्यांना विचारून त्यांचा फोन घे. आवाज चिरायची आणि उलटा करायची मोफत ॲप मिळतात. ती उतरवून द्यायला सांग.

आधी "नमन" म्हण आणि उलटं वाजव. मग स्वतःचं नाव उलटं वाजव. उलटं नाव जसं ऐकू येईल तसं बोलायला शिक. ते पुन्हा ध्वनिमुद्रित करून उलटं कर. तुझं खरं नाव विचित्र उच्चारात ऐकू येईल! मी हसून हसून लोळण घेतली होती.

मग "आऽ" जमेल तेवढा लांब ताण. डोळे मिटून ऐक. तो तुझाच आवाज आहे, यावर विश्वास बसतो का बघ!

एक नियम मात्र पाळायचा. दुसऱ्याचा आवाज घ्यायचा असेल, तर आधी त्याला विचारायचं. आवाज म्हणजे ज्याची त्याची वस्तू. न विचारता मित्राचं खोडरबर तरी आपण घेतो का?

आणि हो, मेट्रोतल्या त्या आवाजाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली.

२०२४ च्या जुलैमध्ये अपर्णाताई वारल्या. बंगळूरच्या लोकांना फार वाईट वाटलं. त्यांच्यातल्या कित्येकांनी अपर्णाताईंना कधी पाहिलंही नव्हतं. पण रोज शाळेला, कामाला जाताना तो आवाज त्यांच्यासोबत असायचा. आणि बातमी आली त्यानंतरही गाडी स्टेशनाजवळ आली, की डब्यात तोच आवाज यायचा. स्वच्छ, शांत. मुंदिन निल्दाण...

म्हणून सांगते, पहिलं सॅम्पल कुठलं घ्यायचं ते नीट निवड. माझं विचारशील, तर संध्याकाळी खेळून यायला उशीर झाला की आजी दारातून हाक मारते ना, ती घे. एवढीशी, एका सेकंदाची हाक.

आत ४४,१०० आकडे असतील. एकही सांडू देऊ नकोस!